पाळीखाली कोण राहतं?

१५ जुलै १९८२. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, रॉकी माउंटन नॅशनल पार्कच्या डोंगरात, पहाटे साडेपाचच्या सुमारास एक मातीची पाळ फुटली. तलावाचं नाव लॉन लेक. समुद्रसपाटीपासून तीन हजार तीनशे मीटरांहून उंचावरचा हा मूळचा नैसर्गिक तलाव. खालच्या मैदानातल्या शेतकऱ्यांनी १९०३ साली त्याच्या तोंडाशी पाळ घातली आणि साठा वाढवला. नॅशनल पार्क झालं १९१५ मध्ये. म्हणजे पाळ आधीची आणि पार्क नंतरचं. पाळीची उंची जेमतेम आठ मीटर. आजूबाजूला जंगल, खाली रोअरिंग रिव्हर नावाचा अरुंद डोंगरी ओढा, त्याच्याही खाली हरणं चरतात ती सपाट कुरणं. वस्ती म्हणावी अशी जवळपास कुठेच नाही.

फुटली तेव्हा पाळीमागे सुमारे ८ लाख ३० हजार घनमीटर पाणी होतं. ते त्या ओढ्यातून उतरलं तेव्हा लोंढा सेकंदाला पाचशे घनमीटरांवर गेला. ओढ्याचं पात्र खरवडून निघालं, साडेचारशे टनांची एक शिळा जागची हलली. कचरा उचलायला आलेल्या एका ट्रकचालकानं सव्वासहाच्या पुढे तो आवाज ऐकला आणि आपत्कालीन फोनवरून कळवलं, म्हणून खालच्या मुक्कामतळांवरच्या माणसांना उठवायला रक्षकांना वेळ मिळाला. तरीही तिघं गेले. तिघंही तंबू ठोकून राहिलेले. वाटेत आणखी एक छोटं काँक्रीटचं धरण होतं, तेही कोसळलं. मग पाणी एस्टेस पार्क या गावाच्या बाजारपेठेत शिरलं. नुकसान ३ कोटी १० लाख डॉलरचं.

कारण शोधलं तेव्हा हाती आलं ते असं : पाळीच्या पोटातून पाणी सोडण्यासाठी जो नळ होता, त्याच्या आणि झडपेच्या सांध्यातलं शिसं झिजलं होतं. तिथून दाबाचं पाणी आजूबाजूच्या मातीत शिरत राहिलं, कण कण वाहून नेत राहिलं आणि आतून पोकळी वाढत गेली. वरून पाहणाऱ्याला गवतानं झाकलेली शांत पाळ दिसत असणार.

लॉन लेकची गोष्ट सुरुवातीलाच सांगितली, कारण तिची मापं आपल्या कायद्याच्या फूटपट्टीला लावून पाहण्यासारखी आहेत. भारतात धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. त्यात कोणती धरणं येतात? पायापासून माथ्यापर्यंत पंधरा मीटरांहून उंच असलेली सगळी. आणि दहा ते पंधरा मीटर उंचीची असतील तर पाच अटींपैकी एक तरी पुरी करणारी : माथ्याची लांबी निदान ५०० मीटर, किंवा साठा निदान दहा लाख घनमीटर, किंवा महापुराचा विसर्ग सेकंदाला निदान दोन हजार घनमीटर, किंवा पाया विशेष अवघड, किंवा रचना नेहमीपेक्षा वेगळी. दहा मीटरांखालचं धरण या व्याख्येत बसतच नाही, मग त्याच्यामागे कितीही पाणी असो. आठ मीटरांचं लॉन लेक उद्या गोंदियाच्या जंगलात बांधलं, तर त्याची पावसाळ्याआधीची तपासणी, पावसाळ्यानंतरची तपासणी, धोक्याचं वर्गीकरण, आपत्कालीन कृती आराखडा, यांतलं काहीही या कायद्यानं बंधनकारक होणार नाही.

कुठेतरी रेघ मारावी लागते, हे मान्य. महाराष्ट्रात देशातली सर्वाधिक मोठी धरणं आहेत, दोन हजारांहून जास्त. त्यांचीच निगा राखताना यंत्रणेची दमछाक होते. पण रेघ मारली म्हणून रेघेखालचं पाणी निरुपद्रवी होत नाही. दहा हेक्टरांचा, सरासरी दोन मीटर खोलीचा तलाव घ्या. तो दोन लाख घनमीटरांचा, म्हणजे दोन लाख टन पाण्याचा झाला. वन्यजीवांसाठी म्हणून जे तलाव आपण राखतो किंवा नव्यानं बांधतो, ते साधारण याच मापाचे किंवा याहून थोडे लहान-मोठे असतात.

धरणाच्या धोक्याचा वर्ग कसा ठरतो, याबद्दल बराच गैरसमज आहे. ‘कमी धोक्याचं धरण’ असं कागदावर वाचलं की आपल्याला वाटतं, धरण मजबूत आहे. तसं नाही. अमेरिकेत संघराज्य पातळीवर मानली जाणारी विभागणी तीन वर्गांची आहे : लो, सिग्निफिकंट आणि हाय. धरण फुटलं तर माणसं मरण्याची शक्यता असेल, तर हाय. माणसं मरणार नाहीत, पण मोठं आर्थिक किंवा पर्यावरणाचं नुकसान होईल, रस्ते-वीज-पाणी तुटेल, तर सिग्निफिकंट. जीवितहानी संभवत नाही, नुकसान थोडं आणि तेही मुख्यतः मालकाच्याच जमिनीचं, तर लो. धरणाची प्रकृती कशी आहे, माती नीट दाबली आहे का, सांडवा पुरेसा आहे का, याचा या वर्गाशी काही संबंध नाही. आपल्याकडे केंद्रीय जल आयोगाच्या मार्गदर्शिकेत चार वर्ग आहेत, पण तत्त्व तेच : आधी धरणाखाली पाहा.

म्हणून वर्ग हा धरणाचा गुण नाही. तो धरणाखालच्या माणसांचा हिशेब आहे. धरणावर एक टोपलं माती न टाकता आणि एक दगड न हलवता त्याचा वर्ग बदलू शकतो. खाली चार घरं झाली की बदलला. शाळेची इमारत आली, आठवडी बाजार भरू लागला, पर्यटकांसाठी तंबू लागले की बदलला. निदान बदलायला हवा. तो आपोआप बदलत नाही. कुणीतरी जाऊन पाहावं लागतं, आणि कमी धोक्याच्या वर्गातल्या धरणाकडे पाहायला सर्वांत कमी वेळा जातात. या फेऱ्यात लहान धरणं अडकतात.

हवाईतल्या काउआई बेटावर का लोको नावाचं मातीचं धरण होतं, उसाच्या मळ्यांसाठी १८९० च्या सुमारास बांधलेलं. सरकारी यादीत ते कमी धोक्याचं म्हणून नोंदलेलं होतं. १४ मार्च २००६ च्या पहाटे, अनेक आठवड्यांच्या मुसळधार पावसानंतर, ते फुटलं आणि सात माणसं गेली. चौकशीत दिसलं की त्याचा सांडवा मातीनं बुजवला गेला होता. मातीच्या धरणाला सांडवा नसणं म्हणजे काय, हे कुठलाही शेततळं बांधणारा शेतकरी सांगेल. पाणी माथ्यावरून गेलं की मातीची पाळ टिकत नाही. पण तपासायला कोण जाणार? यादीत तर ‘कमी’ लिहिलेलं.

त्याआधीचं उदाहरण जॉर्जिया राज्यातलं. टोकोआ फॉल्स इथल्या बायबल कॉलेजच्या आवारात, धबधब्याच्या वर, केली बार्न्स नावाचं धरण होतं. १८९९ मध्ये विजेसाठी घातलेल्या लाकूड-दगडांच्या बांधावर पुढे १९३७ पासून माती चढवत नेली. १९५७ मध्ये वीजनिर्मिती थांबली आणि धरण तलाव म्हणून उरलं. ६ नोव्हेंबर १९७७ च्या मध्यरात्रीनंतर, मोठ्या पावसात, ते फुटलं. खालच्या आवारातली ३९ माणसं गेली. उंची सुमारे बारा मीटर, लांबी सव्वाशे मीटरांच्या आत, साठा आठ लाख घनमीटरांहूनही कमी. आपल्या कायद्याच्या लांबीच्या आणि साठ्याच्या अटींत हे धरणही बसलं नसतं. त्यानंतर अध्यक्ष जिमी कार्टर यांनी देशभरातल्या खासगी आणि राज्यांच्या मालकीच्या, वरच्या धोका-वर्गातल्या धरणांची तपासणी लावली. जवळपास नऊ हजार धरणं पाहिली गेली आणि त्यांतली सुमारे एक तृतीयांश असुरक्षित ठरली.

आता आपल्या पूर्व विदर्भात येऊ. वन्यजीवांचं घर झालेल्या लहान मातीच्या पाळी जितक्या इथे आहेत, तितक्या महाराष्ट्रात आणखी कुठे नाहीत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून सुमारे ६,८०० माजी मालगुजारी तलाव नोंदलेले आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं हे तलाव घडवले. नवेगावबांधचा प्रचंड जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं परंपरा सांगते. डोंगरांच्या मधल्या खिंडी मातीनं बंद करून, पाण्याला वाट कुठे द्यायची आणि कुठे नाही हे नेमकं ओळखून घातलेलं ते काम आहे. पाळ, पाणी सोडायचं तुडूम, जादा पाणी जायचा सलंग, आणि खाली धानाची शेती. यातला सलंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाळीच्या भरावातून नाही, तर बाजूच्या कठीण जमिनीवरून तो काढलेला असतो. आजच्या भाषेत तोच सांडवा.

हे तलाव शेतीसाठी बांधले गेले, वन्यजीवांसाठी नाही. पण दोन-अडीचशे वर्षांत पाणी आणि चिखल जिथे टिकतो तिथे जीव येतातच. अडई, हळदी-कुंकू बदक, नकटा, कमळपक्षी, वारकरी आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदकं. महाराष्ट्रात सारस क्रौंच आज मुख्यतः याच तलावांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या भरवशावर उरला आहे. मारुती चितमपल्ली यांनी ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहून मराठी वाचकाला हे जग दाखवलं. नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प. तलाव आधीचा, उद्यान नंतरचं; लॉन लेकसारखंच.

मालगुजारी, म्हणजे जुनी जमीनदारी पद्धत, गेली १९५१ मध्ये. तलाव सरकारकडे आले. तोवर ज्याच्या शेताला पाणी लागतं तोच पाळीवर माती टाकत होता, तोच सलंगातला कचरा काढत होता. ती व्यवस्था मोडली. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, जंगलातले वनखात्याकडे. काठावर बेशरम नावाची झुडपं माजली, गाळ साचला. गेल्या काही वर्षांत भंडारा-गोंदियात मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या बायका आणि स्थानिक संस्था मिळून तलावांतली बेशरम उपटतात, देशी पाणवनस्पती पुन्हा लावतात, त्यातून मासे आणि पक्षी दोन्ही परतले आहेत. हे काम मनापासून आदर वाटावा असं आहे. मात्र तलाव जिवंत करण्याच्या या सगळ्या खटपटीत पाळीच्या प्रकृतीचा विषय क्वचितच निघतो. गाळ काढायच्या योजना आल्या, यंत्रं आली. पोकलेननं पाळीच्या पायथ्याशीच खोल खणलं, तर पाणी अडवून धरणारा चिकणमातीचा जुना थर फुटतो आणि पाळीखालून पाझर सुरू होतो. गाळ काढताना पाळीपासून पुरेसं अंतर सोडायचं असतं, हे कंत्राटदाराला सांगणारं कुणीतरी जागेवर हजर लागतं.

वन्यजीवांसाठीच्या पाळीचा प्रश्न साध्या सिंचनाच्या पाळीपेक्षा एका बाबतीत अवघड आहे. ज्यांच्यासाठी पाणी अडवायचं, त्यांतलेच काही पाळ पोखरणारे असतात. अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेनं, फेमानं, मातीच्या धरणांवर प्राण्यांचे आणि झाडाझुडपांचे परिणाम सांगणाऱ्या दोन स्वतंत्र पुस्तिकाच काढल्या आहेत. तिथला मस्करॅट नावाचा घुशीएवढा पाणप्राणी पाण्याखाली बिळाचं तोंड काढतो आणि आत वर चढत जातो. पाणी वाढलं की तोही वर खणतो. बीव्हर तर सांडव्यातच काटक्या रचून त्याचं तोंड बंद करतो. आपल्याकडे घूस आहे, सायाळ आहे, खेकडा आहे, वाळवी आहे. आणि वेडा राघू. त्याला बिळासाठी बहुतेकदा उभी कड लागते. नीट उताराच्या, गवतानं बांधलेल्या पाळीत तो सहसा घर करत नाही. पाळीचा काठ कोसळून उभा झाला की येतो. म्हणून पाळीवर वेडा राघूची बिळं दिसली, तर पक्षी हाकलायची गरज नाही. काठ कुठे ढासळला आहे ते त्यानं दाखवून दिलं, एवढं समजायचं आणि पावसाळ्यापूर्वी उतार दुरुस्त करायचा, विणीचा हंगाम टाळून.

झाडांचं तसंच. पाळीवर झाड असावं की नसावं, यावर पक्षिप्रेमी आणि अभियंते यांचं क्वचितच जमतं. अभियंत्याचं म्हणणं बरोबर आहे : झाड मेलं की मुळं कुजतात आणि मुळांच्या जागी पाण्याला आयती नळी मिळते. वादळात मोठं झाड उन्मळलं तर भरावाचा लचका तोडून नेतं. दाट झुडपांमुळे मागच्या उतारावरची ओल, भेग, बीळ काहीच दिसत नाही. नव्या पाळीवर झाड उगवूच देऊ नये, गवत राखावं, हे मला पूर्ण पटतं. बगळ्यांना आणि पाणकावळ्यांना बसायला झाडं हवीत तर ती पाण्यातल्या उंचवट्यांवर आणि पाळीपासून दूर काठावर लावता येतात. पण दोनशे वर्षांच्या मामा तलावाच्या पाळीवर मोठा वृक्ष असेल, तर तो एका दिवसात तोडून मोकळं होणं हाही उपाय नाही. तोडलं की मुळं मरणार आणि नळीचा धोका तिथून पुढे सुरू होणार. काढायचं ठरलं तर मुळांसकट काढून तो खड्डा थराथरानं दाबत भरावा लागतो. पाणी खाली असतानाच आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीत.

पाण्याच्या पातळीचा मुद्दा त्याहून नाजूक. बदकांना, चिखलपक्ष्यांना खोल पाणी नको असतं. वीतभर पाणी आणि वाळत चाललेला चिखल, त्यात बिया आणि कीटक, ही त्यांची थाळी. म्हणून पक्ष्यांसाठी राखलेल्या तलावांत पाणी मुद्दाम उतरवतात, चढवतात. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात हेच चालतं. अठराव्या शतकातला अजान बांध पाणी धरतो, आणि उद्यानाच्या आत मातीच्या बांधांनी पाडलेले कप्पे दारांनी जोडून पातळी कमी-जास्त केली जाते. तीस चौरस किलोमीटरांपेक्षा लहान असलेली ही माणसानं घडवलेली पाणथळ जागा १९८५ पासून जागतिक वारसा आहे. पातळी खेळवता येते, पण मातीच्या पाळीला घाई चालत नाही. महिनोन्‌महिने भिजलेल्या पाळीच्या आतल्या बाजूला पाण्याचाच आधार असतो. पाणी झपाट्यानं उतरवलं तर तो आधार जातो, भरावातली ओल तशीच राहते आणि उतार घसरतो. पाणी हळूहळू सोडणारं, चांगल्या स्थितीतलं विमोचकाचं दार हे म्हणूनच पक्ष्यांच्याही भल्याचं आणि पाळीच्याही. लॉन लेक फुटलं ते झडपेच्या सांध्यापाशी. पुण्याजवळचं पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटलं, त्याची सुरुवातही विमोचकाच्या जागी भराव खचण्यातून झाली होती. मातीच्या पोटातून जिथे कठीण नळ जातो, तो सांधा सर्वांत आधी पाहायचा.

या सगळ्याला सुरक्षेचा खर्च किती लावायचा, हे वर्ग ठरवतो. मोठ्या धोक्याच्या धरणाला मोठा सांडवा, कमी धोक्याच्याला लहान. भारतीय मानक ११२२३ मात्र मुख्यतः वर्गाऐवजी आकारमानावर चालतं : पाच लाख ते एक कोटी घनमीटर साठ्याच्या लहान धरणांसाठी शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर धरायला सांगतं. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता. पन्नास वर्षांच्या आयुष्यात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता जवळपास चाळीस टक्के होते. खाली खरोखरच कुणी नसेल तर ही जोखीम घ्यायला हरकत नाही. लहान पाणवठ्यावर मोठ्या धरणाचे नियम लादले तर कुठलंच वनखातं असा तलाव बांधणार नाही, आणि वाघाला, सांबराला, सारसाला उन्हाळ्यात पाणी मिळणार नाही. त्यामुळे कमी वर्ग असूच नये, असं माझं म्हणणं नाही. खाली कुणी नाही हे कोणी आणि कसं पाहिलं, एवढाच माझा प्रश्न आहे.

कारण ‘कुणी नाही’ हे नकाशावरून ठरतं. नकाशावर पक्की घरं दिसतात. अमेरिकी मार्गदर्शिकेतही पुराच्या पट्ट्यात अधूनमधून येणारे, रात्री मुक्काम न करणारे लोक सहसा हिशेबात धरत नाहीत. पूर्व विदर्भातल्या जंगलालगतच्या पाळीखाली रात्री कोण असतं? रानडुकरांपासून धान राखायला मचाणावर झोपलेला शेतकरी असतो. रात्री जाळं लावून पहाटे काढणारा ढिवर असतो. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला तांबडं फुटायच्या आत निघालेल्या बायका असतात, तेंदूपत्त्याच्या फळीवरची माणसं असतात. नाल्याकाठी वीटभट्टीवरची कुटुंबं असतात, पाल ठोकून बसलेले मेंढपाळ असतात. आणि अलीकडे व्याघ्रप्रकल्पांच्या कडेला नाल्याकाठचं ‘नेचर कॅम्प’ असतं, शनिवार-रविवारी भरलेलं. लॉन लेकचे तिन्ही बळी तंबूतलेच होते. आपल्याकडे अशी माणसं वर्षातले किती तरी महिने पाळीखाली असतात, पण ती कुठल्याच घरपट्टीच्या वहीत नसतात.

हिशेबात नसलेले दुसरे म्हणजे वन्यजीव. ‘नुकसान मुख्यतः मालकाच्याच जमिनीचं’ अशी व्याख्या केली की वनखात्याच्या हद्दीतल्या पाणथळ जागेचा अख्खा अधिवास वाहून गेला तरी तो मालकाचंच नुकसान ठरतो आणि वर्ग कमीच राहतो. सिग्निफिकंट या वर्गात पर्यावरणाचं नुकसान धरायची सोय आहे; ती लहान पाळींच्या बाबतीत गांभीर्यानं वापरायला हवी. सारसाची जोडी वर्षानुवर्षं त्याच परिसरात घरटं करते. ज्या तलावावर ती अवलंबून आहे तो ऑगस्टमध्ये फुटला तर त्या वर्षीची वीण गेली, खालच्या बांध्या वाळूनं भरल्या, आणि शेतकऱ्याचा पक्ष्याविषयीचा आपलेपणाही त्याबरोबर गेला. पूर्व विदर्भात सारस टिकला तो या आपलेपणावर.

कायद्यात धरण आलं म्हणजे सगळं झालं, असंही नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसं गेली. धरण मातीचं, उंची २८ मीटर, साठा सुमारे २४ लाख ५० हजार घनमीटर, वय वीस वर्षांच्या आसपास. आजच्या कायद्यात ते सहज बसलं असतं. गळतीची तक्रार गावानं आधी केली होती. दुर्घटनेनंतर तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं म्हटलं आणि राज्यभर संताप उसळला. खेकडे पाळीत बिळं करतात, हे खोटं नाही. पण बीळ एका रात्रीत धरण फोडत नाही. बीळ दिसतं, पाझर दिसतो, गढूळ पाणी दिसतं आणि ते पाहून दुरुस्ती करायला माणूस नेमलेला असतो. जबाबदारी त्या नेमणुकीची आहे, खेकड्याची नाही.

तिवऱ्यातून लहान पाळींसाठी एक धडा सरळ निघतो : धोक्याची पहिली खबर गावालाच लागते. भेंदवाडीला लागली होती. ती ऐकून घेणारं, लिहून घेणारं आणि ठरावीक दिवसांत जागेवर येऊन पाहणारं कुणी हवं. दहा मीटरांखालच्या पाळींसाठी धरण सुरक्षेचं दिल्लीतलं प्राधिकरण नको, नवा कायदाही नको. वनपरिक्षेत्र आणि ग्रामपंचायत मिळून प्रत्येक पाळीची एक पानाची नोंद करू शकतात. उंची किती, साठा किती, सांडवा कुठे आणि तो मोकळा आहे का, विमोचक चालतो का, आणि पाळ फुटली तर पाणी कोणत्या नाल्यानं कुठवर जाईल. त्या नाल्याकाठी दिवसा कोण असतं, रात्री कोण असतं, कोणत्या महिन्यात असतं, हे गावातली माणसं बसल्या बैठकीत सांगतील. त्या पानावरून वर्ग ठरवावा आणि दर पाच वर्षांनी, किंवा खाली नवं बांधकाम झालं की लगेच, पुन्हा पाहावा. पाळीखालच्या नाल्यात पर्यटन तंबूंना परवानगी देण्याआधी हे पान उघडावं. ज्या पाळीला दुरुस्ती परवडत नाही आणि धोका मोठा आहे, ती सावकाश रिकामी करून उतरवावी. लॉन लेकनंतर रॉकी माउंटन पार्कनं ब्लूबर्ड, सँडबीच आणि पेअर या तलावांवरची जुनी धरणं अशीच काढून टाकली आणि ते तलाव पुन्हा आपल्या नैसर्गिक पातळीवर आले. धरण काढणं हीसुद्धा अधिवासाची निगाच आहे.

पावसाळा सरतो तेव्हा तलाव भरलेले असतात आणि पाऊस थांबलेला असतो. पाळीचा पाझर ओळखायला याहून चांगला काळ नाही, कारण तेव्हा मागच्या उतारावर दिसणारी ओल पावसाची नसते, तलावाची असते. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. महाराष्ट्रातले शेकडो पक्षिमित्र दुर्बिणी घेऊन याच पाळींवर उभे राहतात, पण सगळ्यांची तोंडं पाण्याकडे असतात. या वेळी गणना संपली की दहा मिनिटं पाठीमागच्या उतारानं पायथ्यापर्यंत उतरा. झिरपणारं पाणी स्वच्छ आहे की गढूळ, ते पाहा. स्वच्छ असेल तर जागा लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी ताडून पाहा. गढूळ असेल तर पाळीच्या आतली माती निघून चालली आहे; त्याच दिवशी ग्रामपंचायतीला आणि वनखात्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. सांडव्यात झुडपं वाढली असतील तर तेही लिहा. आणि नाल्यानं थोडं खाली चालत जाऊन तिथे कोण राहतं, त्यांची नावं विचारून घ्या.